गाईगुरांतला कोरोना: एक विषाणू, तीन आजार आणि त्याची वंशावळ

रानजाई

२०२० मध्ये एका लशीच्या बाटलीचा फोटो घरोघरच्या व्हॉट्सॲपवर फिरत होता. बाटलीवर स्पष्ट छापलेलं, ‘कोरोनाव्हायरस’. लस आधीपासूनच होती, आपल्यापासून लपवली, असा त्याखाली मजकूर. बाटली खरी होती. फक्त ती लस गाभण गाईंना टोचायची होती, वासरांना हगवण लागू नये म्हणून. फोटोचं खंडन झालं, लोक पुढे गेले आणि गाईंमध्ये स्वतःचा असा एक कोरोना विषाणू असतो, त्याचा अभ्यास पन्नास वर्षं चालू आहे, ही गोष्ट मागेच राहिली. माझं काम जनावरांच्या विषाणूंचे जनुकक्रम वाचण्याचं आहे, त्यामुळे या विषाणूवर सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठात चार्ल्स मेबस आणि त्यांचे सहकारी वासरांच्या हगवणीमागे लागले होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली शेणाच्या नमुन्यात भोवती काटे असलेले कण दिसले आणि हा कोरोना विषाणू आहे हे कळलं. त्यांनी वेगळा काढलेला वाण आजही ‘मेबस’ याच नावाने ओळखला जातो. जगभर तुलनेसाठी तोच समोर ठेवतात.

या विषाणूचा जनुकसंच आरएनएचा, सुमारे ३१ हजार अक्षरांचा. फ्लूच्या विषाणूचा साडेतेरा हजारांच्या आसपास असतो, म्हणजे हा दुपटीहून मोठा. एवढा लांब मजकूर नकलताना चुका फार झाल्या तर विषाणू टिकणारच नाही, म्हणून कोरोना विषाणूंकडे नक्कल तपासून चुकीचं अक्षर काढून टाकणारं एक विकर (एन्झाइम) असतं. तरीही चुका उरतातच. गाईंच्या कोरोनात दर दहा हजार अक्षरांमागे वर्षाला साधारण चार बदल टिकतात. अख्ख्या जनुकसंचाचा हिशेब केला तर वर्षाला डझनभर.

आता मुख्य मुद्दा. हा विषाणू तीन आजार करतो. जन्मल्यापासून पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वासरांना हगवण. थंड देशांत मोठ्या दुभत्या गाईंना हिवाळ्यात रक्तमिश्रित हगवण, ज्यात गाय सहसा मरत नाही पण दूध एकदम खाली येतं. आणि वाढत्या वासरांना, विशेषतः ट्रकमधून लांब नेलेल्या जनावरांना, सर्दी-खोकला ते थेट न्यूमोनिया. पुष्कळ वर्षं संशोधकांना वाटत होतं की हे तीन वेगवेगळे वाण असणार. तसं मानणं साहजिक होतं, कारण डुकरांच्या एका कोरोनात काटा प्रथिनाचा (विषाणूवरच्या काट्यांचं प्रथिन) तुकडा गळाला आणि आतड्याचा विषाणू श्वसनाचा झाला, हे माहीत होतं.

गाईंच्या बाबतीत तसं काही सापडलं नाही. लुईझियानातल्या एका गटाने २००१ मध्ये वाहतुकीनंतर न्यूमोनियाने मेलेल्या एकाच जनावराच्या फुप्फुसातला आणि आतड्यातला विषाणू शेजारी ठेवून वाचला. दोन्हींत फरक होते, पण ‘हा बदल दिसला की श्वसनाचा वाण’ असं सांगता येईल अशी पक्की खूण आजतागायत मिळालेली नाही. हिवाळी हगवणीच्या गाईतून घेतलेला विषाणू चीक न पाजलेल्या वासराला दिला तर त्यालाही हगवण लागते. कोरियात हिवाळी वाण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विषाणूने उन्हाळ्यातही गाई आजारी पडल्या. आजाराचं नाव ठरतं ते जनावराच्या वयावरून, ऋतूवरून आणि त्याच्यावर आलेल्या ताणावरून.

मग वंशावळीत वाण कशावरून वेगळे होतात? भूगोलावरून. काटा प्रथिनाच्या जनुकाची वंशावळ मांडली की दोन मोठ्या फांद्या दिसतात. एक युरोपची, दुसरी अमेरिका आणि आशियाची. नैऋत्य फ्रान्समधल्या वासरांच्या विषाणूंचे पूर्ण जनुकक्रम २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्या अभ्यासाच्या हिशेबाने आजच्या सगळ्या वाणांचा सामाईक पूर्वज १९४० च्या दशकातला आहे आणि दोन फांद्या १९६० ते ७० च्या सुमारास वेगळ्या झाल्या. त्यानंतर त्यांची सरमिसळ फारच थोडी. जनावरं कुठून कुठे विकली गेली आणि कुठे जाऊ दिली नाहीत, याचा मागच्या शतकाचा ठसा मला त्या झाडात दिसतो. मी या विषाणूत इतकी गुंतून पडले ती यामुळेच.

आणि याच घराण्याची एक फांदी माणसांत आहे. दरवर्षी सर्दी करणारा ओसी४३ हा विषाणू. त्याबद्दल कुणी विचारलंच तर प्रतिसादात लिहिते, नाहीतर धागा फार लांबेल.

सायली_नाईक

वाचनखूण साठवली. ओसी४३ बद्दल विचारतेच आहे, लिहा.

कृष्णाकाठ

ताई, फार कामाचा धागा. आमचा गोठा लहान आहे, एचएफ संकरित गाई आणि दोन मुऱ्हा म्हशी. वासरू आठ-दहा दिवसांचं झालं की पिवळं पाण्यासारखं हगायला लागतं, शेपटी-मांड्या लडबडतात, डोळे खोल जातात आणि दुसऱ्या दिवशी उठतच नाही. हे दर मोसमात एखाद्या तरी वासराला होतं. आमच्याकडे सगळ्यालाच ‘हगवण’ म्हणतात, सल्फाची गोळी देतात, कुणी डाळिंबाची साल उकळून पाजतात. ही कोरोनाचीच असते का? आणि वाण बदलत राहतात म्हणता, मग लस दरवर्षी बदलायला लागेल का?

डॉ. माळरान

कृष्णाकाठ, मी पशुवैद्यक आहे, पंचवीसेक वर्षं फिल्डवर. आधी माझं मत, मग रानजाईंनी विज्ञान सांगावं.

नुसत्या शेणाच्या रंगावरून कोरोना की रोटा (हाही विषाणूच), की ई. कोलाय हा जीवाणू, की क्रिप्टोस्पोरिडियम हा एकपेशीय परजीवी, हे कुणालाही सांगता येत नाही. बऱ्याचदा दोन-तीन एकत्रच असतात. वय थोडा अंदाज देतं. पहिल्या तीन-चार दिवसांत लागलेली हगवण असेल तर मी ई. कोलायचा संशय धरतो, पुढच्या दोन आठवड्यांत रोटा, कोरोना आणि क्रिप्टो. वासरू जातं ते पाणी आणि क्षार निघून गेल्याने, रक्त आम्लधर्मी झाल्याने. म्हणून पहिलं काम म्हणजे क्षार-ग्लुकोजचं पाणी, थोडं थोडं, दिवसातून अनेकदा. दूध पूर्ण तोडू नका. दूध तोडून वासरं उपाशी मारलेली मी खूप पाहिली आहेत. वासरू बसलं, चोखेनासं झालं, की शिरेतून सलाईन लागतंच, तिथे घरगुती उपायांत वेळ घालवू नका. आणि विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही. सल्फा उठसूट देणं थांबवा.

रानजाई, तुमचा लेख मनापासून आवडला, पण एक स्पष्ट म्हणतो. मला गोठ्यात उभं राहून वंशावळ लागत नाही. मला लागतो तो वेळेवर पाजलेला चीक. व्याल्यावर पहिल्या दोन तासांत पाजायला सुरुवात, वासराच्या वजनाच्या दहा टक्के चीक पहिल्या सहा तासांत. आपल्याकडे खरवसासाठी चीक बाजूला काढतात आणि वासराला उरलंसुरलं मिळतं, त्याचं मला फार वाईट वाटतं. जार पडेपर्यंत चीक पाजायचा नाही ही समजूत तर हजारो वासरांच्या जिवावर उठली आहे.

रानजाई

डॉक्टर, चिकाबद्दल शब्दशः सहमत. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिपिंडं जवळजवळ नसतातच. गाईच्या वारेतून ती पलीकडे जात नाहीत. आतडं ती जशीच्या तशी शोषून घेऊ शकतं ते पहिले काही तास, चोवीस तासांत ते दार बंद होतं. पण त्यानंतरही चिकातली प्रतिपिंडं आतड्याच्या पोकळीत काम करत राहतात, म्हणून पुढचे काही दिवस दुधात थोडा चीक मिसळत राहिलं तर फायदा होतो.

कृष्णाकाठ, लशीबद्दल. जनुकक्रमात एवढी विविधता असूनही या विषाणूचा सीरोटाइप, म्हणजे प्रतिपिंडांच्या नजरेतला प्रकार, एकच मानला जातो. एका वाणाविरुद्धची प्रतिपिंडं दुसऱ्यालाही बऱ्यापैकी अडवतात, म्हणून जुन्या वाणांवर बेतलेल्या लशी इतकी वर्षं वापरात आहेत. त्या गाभण गाईला शेवटच्या महिन्यांत देतात, बहुधा रोटा आणि ई. कोलायसह एकत्र, म्हणजे चिकात प्रतिपिंडं वाढतात. हे लक्षात घ्या, लस गाईला आणि फायदा वासराला, मधला दुवा चीक. चीक पाजलाच नाही तर लशीचे पैसे वाया. तुमच्या भागात कोणती लस मिळते ते डॉक्टरांनाच विचारा.

वंशावळ कशाला लागते याचंही उत्तर देते, पण आधी ओसी४३.

रानजाई

२००५ मध्ये बेल्जियममध्ये ल्यूव्हेन इथे लीन व्हिगेन, मार्क व्हान रान्स्ट आणि त्यांच्या गटाने ओसी४३ चा पूर्ण जनुकक्रम प्रसिद्ध केला. तो गाईंच्या विषाणूशी इतका जुळला, की दोन्हींचा पूर्वज एकच यात शंका उरली नाही. एक ठळक फरक म्हणजे काटा प्रथिनाच्या जनुकानंतरचा २९० अक्षरांचा तुकडा गाईंच्या विषाणूत आहे, ओसी४३ मध्ये तो गळलेला आहे. बदलांच्या वेगावरून मागे मोजत गेल्यावर फांदी फुटल्याचा काळ आला १८९० च्या आसपास.

याला जोड म्हणून नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या संशोधकांचं २०१७ मधलं काम मला फार महत्त्वाचं वाटतं. या घराण्याच्या विषाणूंवर काट्यांशिवाय आणखी एक आखूड प्रथिन असतं. त्याची दोन कामं. एका भागाने पेशीवरच्या सियालिक आम्ल नावाच्या शर्करेला धरायचं, दुसऱ्या भागाने तीच शर्करा कापून सुटायचं. गाईंच्या विषाणूत दोन्ही शाबूत आहेत. ओसी४३ मध्ये धरण्याची ताकद टप्प्याटप्प्याने गेली, कापण्याची राहिली. माणसात सर्दी करणाऱ्या एचकेयू१ या नात्यातल्या विषाणूनेही स्वतंत्रपणे हेच केलं. माणसाच्या श्वासमार्गात टिकायला बहुधा हेच जमवून घ्यावं लागतं.

तर्कशुद्ध

माहितीबद्दल आभार. एक गोष्ट मात्र जुळत नाही. धाग्यात म्हटलंय की गाईंच्या वाणांचा सामाईक पूर्वज १९४० च्या दशकातला. आणि आता म्हणता की माणसांतली फांदी १८९० च्या सुमारास फुटली. पूर्वज जन्मायच्या पन्नास वर्षं आधी त्याची शाखा कशी निघाली?

दुसरं, १८८९ च्या ‘रशियन फ्लू’चं खरं कारण हाच विषाणू होता असं बरेच ठिकाणी ठामपणे लिहिलेलं वाचलं आहे. त्याला पुरावा काय?

रानजाई

अगदी नेमका प्रश्न.

भावकीची वंशावळ आठवा. आज गावात असलेली सगळी घरं एका पणजोबांपाशी येऊन मिळतात, म्हणून घराणं त्या पणजोबांपासून सुरू झालं असं होत नाही. त्यांना भाऊ होते, चुलते होते. त्यांचे वंश खुंटले किंवा परागंदा झाले. १९४० हे वर्ष हातातल्या नमुन्यांच्या पणजोबांचं आहे. गाईंत विषाणू त्याआधीही होता, फक्त त्या जुन्या फांद्या नामशेष झाल्या किंवा कुणी त्यांचे नमुने घेतलेच नाहीत. १८९० मध्ये बाहेर पडलेली फांदी माणसांत जाऊन टिकली, म्हणून ती आपल्याला दिसते. शिवाय बदलांचा वेग सगळीकडे सारखा नसतो. फ्रान्सच्या त्याच अभ्यासात युरोपीय आणि इतर फांद्यांचे वेग वेगळे निघाले. त्यामुळे ही वर्षं म्हणजे दगडावरची रेघ नव्हे, मागेपुढे दशकं धरून चालायचं.

१८८९ बद्दल. साथ मध्य आशिया आणि रशियातून सुरू झाली, रेल्वे आणि जहाजांबरोबर काही महिन्यांत जगभर गेली, सुमारे दहा लाख माणसं दगावली. ल्यूव्हेनच्या गटाने तारीख जुळते हे दाखवून दिलं. त्यांनी याकडेही लक्ष वेधलं की १८७० ते १८९० च्या काळात गाईंच्या फुप्फुसाच्या एका जीवाणूजन्य साथीमुळे औद्योगिक देशांत मोठ्या संख्येने जनावरं मारली जात होती, म्हणजे माणसांचा आजारी गुरांशी जवळून संबंध येत होता. पण त्या साथीतल्या रुग्णाच्या ऊतकातून कोरोनाचा जनुकक्रम कुणीही काढलेला नाही. उलट वृद्धांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांच्या जुन्या अभ्यासांवरून ती साथ फ्लूचीच मानणाराही मोठा पक्ष आहे. माझ्या मते गाईंच्या घराण्यातून माणसांत उडी पडली हे पक्कं, ती उडी म्हणजेच १८८९ ची साथ हे अनुमान. दोन्ही एका दमात सांगितलं जातं, ते टाळायला हवं.

तर्कशुद्ध

पटलं. शंका फिटली.

लिंकनकर

मी मेबस यांच्याच गावात राहतो, लिंकन, नेब्रास्का. कामाच्या निमित्ताने फीडलॉटच्या, म्हणजे मांसासाठी गुरं एकत्र ठेवून पोसायच्या जागांच्या, संगणकप्रणाली पाहतो. इथे हिवाळ्याच्या तोंडाला वेगवेगळ्या रँचवरून आणलेली कालवडं-गोऱ्हे एका कुंपणात येतात. नुकतीच आईपासून तोडलेली, ट्रकमध्ये कित्येक तास उभी असलेली. आठवड्याभरात खोकला, नाकातून शेंबूड, कान पडलेले. इथले लोक त्याला ‘शिपिंग फिव्हर’ म्हणतात. प्रत्येक आजारी जनावराच्या कानातला बिल्ला वाचून ताप नोंदवायचा, ते आकडे आमच्या पडद्यावर येतात.

प्रश्न असा, की फीडलॉटच्या कुंपणापलीकडे हरणं मुबलक आहेत. ती हा विषाणू इकडून तिकडे नेतात का?

रानजाई

शक्य आहे. ओहायोमध्ये लिंडा सैफ यांच्या गटाने १९९० च्या दशकात वन्यप्राणी उद्यानातल्या सांबर, पांढऱ्या शेपटीचं हरीण आणि वॉटरबक (आफ्रिकेतलं एक हरणासारखं जनावर) यांच्यातून विषाणू काढले. प्रतिपिंडांच्या कसोटीवर ते गाईंच्या विषाणूपासून वेगळे ओळखताच येईनात, आणि वासरांना दिल्यावर वासरं आजारी पडली. पुढे जिराफातही तसाच सापडला. इटलीत बारीच्या संशोधकांनी २००७ च्या सुमारास हगवण लागलेल्या म्हशीच्या रेडकांतून जवळचा वाण काढला. कुत्र्यांच्या श्वसनाचा एक कोरोना, २००३ मध्ये ब्रिटनमध्ये सापडलेला, तोही याच घराण्यातला. प्रयोगात तर टर्कीच्या पिल्लांनाही गाईच्या वाणाची लागण झाली. प्रयोगशाळेत हा विषाणू वाढवायला आम्ही ज्या एचआरटी-१८ पेशी वापरतो त्या मुळात माणसाच्या गुदाशयाच्या गाठीतल्या आहेत. त्यांच्यावर तो छान वाढतो. एवढ्या वेगवेगळ्या यजमानांत तो शिरू शकतो, कारण ज्या शर्करेला तो धरतो ती पुष्कळ प्राण्यांच्या पेशींवर असते.

तुम्ही वर्णन केलेलं कुंपण हे वाणांच्या संकराचंही ठिकाण आहे. एकाच पेशीत दोन वाण शिरले, तर नक्कल करणारं विकर एका आरएनएवरून मध्येच दुसऱ्यावर उडी मारतं आणि अर्धा मजकूर याचा, अर्धा त्याचा असा नवा वाण तयार होतो. चीनमधल्या दुभत्या गाईंच्या वासरांत असा संकरित वाण २०१९ मध्ये नोंदवला गेला. वर म्हटलं ते आखूड प्रथिन त्यात दोन वाणांचं मिळून बनलं होतं, आणि शर्करा धरणाऱ्या भागात चार अमिनो आम्लांची भर होती. युरोप-अमेरिकेच्या फांद्या वेगळ्या होण्याच्या मुळाशीही काटा प्रथिनातला असाच एक संकर असावा, असं फ्रान्सच्या अभ्यासाचं म्हणणं आहे.

सुरेखा_जो

आमच्याकडे घरचीच गाय आहे, नातवंडं वासराच्या गळ्यात पडून असतात. हे सगळं वाचून काळजी वाटली. कोविड गाईंना होतो का? आणि गाईचा कोरोना मुलांना? दूध चालेल ना?

रानजाई

सुरेखाताई, निश्चिंत राहा.

कोविडचा विषाणू आणि गाईंचा विषाणू एकाच मोठ्या कुळातले, पण त्यातले गट वेगळे. जर्मनीत २०२० मध्ये सहा गुरांना मुद्दाम कोविडचा विषाणू दिला. दोघांत तो थोडासा वाढला, शेजारच्या गुरांना लागण झाली नाही. त्या गुरांच्या अंगात गाईंच्या कोरोनाची भरपूर प्रतिपिंडं होती, तरी ती कोविडच्या चाचणीत चमकली नाहीत, इतके हे दोघे परके आहेत.

गाईंचा विषाणू माणसात, याचं एक उदाहरण १९९४ मध्ये नोंदलं गेलं. तीव्र हगवण लागलेल्या एका मुलाच्या नमुन्यातून गाईंच्या वाणाशी जवळजवळ जुळणारा विषाणू निघाला. गुरं तर जगभर अब्जाच्या घरात आहेत आणि बहुतेकांना आयुष्यात कधीतरी ही लागण होते, त्या मानाने अशी उदाहरणं अगदीच विरळा. दूध उकळून प्या. हगवण लागलेल्या वासराला हात लावला की साबणाने हात धुवायला मुलांना शिकवा. क्रिप्टो आणि साल्मोनेला या दोन गोष्टींसाठी ते जास्त गरजेचं आहे.

डॉ. माळरान

माझा प्रश्न राहिला. वंशावळ कशासाठी?

रानजाई

विसरले नाही. शेजारशेजारच्या दोन गोठ्यांत एकाच आठवड्यात हगवण लागली, तर ती एकमेकांकडून गेली की दोघांत आधीपासून वेगवेगळा वाण होता, हे शेणाच्या रंगावरून कळत नाही हे तुम्हीच म्हणालात. चाचणी दोन्हींकडे ‘कोरोना आहे’ एवढंच सांगेल. जनुकक्रम मात्र सांगतो. दोन्हीकडचे वाण अक्षरशः सारखे निघाले तर मध्ये काहीतरी ये-जा करतंय.

काय ये-जा करतं, यावर नॉर्वेचं काम बघा. तिथे हा विषाणू आणि श्वसनाचा आणखी एक विषाणू यांच्याविरुद्ध २०१६ पासून देशभर नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे. कळपांच्या चाचण्या करून, लागण नसलेल्या कळपात लागण असलेल्या कळपातलं जनावर जाऊ न देणं हा त्याचा गाभा. तिथल्याच संशोधकांनी आजारी वासरं हाताळणाऱ्या माणसांच्या नाकातले स्वॅब, बूट आणि कपडे तपासले. विषाणूचा आरएनए या सगळ्यांवर सापडला, माणसांच्या नाकातसुद्धा, काही तास. माणसं आजारी नव्हती, फक्त वाहून नेत होती. म्हणजे कृत्रिम रेतनाला येणारा माणूस, दूध गोळा करणारा, वासरं विकत घेणारा व्यापारी आणि, डॉक्टर, तुम्ही आणि मीसुद्धा.

चीक कमी महत्त्वाचा आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पण चीक एका वासराला वाचवतो. पुढच्या गोठ्यातल्या वासरापर्यंत विषाणू पोचू नये यासाठी तो कुठल्या वाटेने जातो हे कळायला हवं, आणि आपल्याकडचे जनुकक्रम जागतिक संग्रहात फार कमी आहेत. आपले जनावरांचे बाजार, ऊसतोडीच्या हंगामात कुटुंबासोबत हलणारी बैलं, पंजाब-हरियाणातून येणाऱ्या म्हशी, यांतून काय वंशावळ उभी राहते हे कुणी नीट मांडलेलं माझ्या पाहण्यात नाही. मला ते फार पाहायचं आहे.

डॉ. माळरान

बूट आणि नाकाचा मुद्दा पटला. एका फेरीत अनेक गोठे होतात आणि बूट तेच असतात. यापुढे हगवणीचा गोठा शेवटी ठेवतो आणि बुटांसाठी जंतुनाशकाची बादली गाडीत ठेवतो. नमुना कसा घ्यावा तेही लिहा. मोसमाच्या सुरुवातीला एक-दोन गोठ्यांतून घेऊ शकेन.

कृष्णाकाठ

आमचा गोठा धरा डॉक्टर. एक कालवड महिन्याभरात विईल.

रानजाई

हगवण लागल्याच्या पहिल्या एक-दोन दिवसांतलं शेण घ्या. नंतर विषाणू कमी होत जातो. जमिनीवरचं नको, हातमोजा घालून गुदद्वारातून थेट स्वच्छ झाकणाच्या डबीत, सुपारीएवढं पुरे. त्याच वासराच्या नाकातला स्वॅबही घ्या, कारण हगवण लागलेल्या वासराच्या नाकातही विषाणू असतो आणि दोन्हीकडचा क्रम ताडून पाहता येतो. स्वॅब विषाणूंसाठीच्या वाहक द्रवात ठेवा, कोरडा ठेवू नका. डबीवर वासराचं वय, आईचं वेत, गाईला लस दिली होती का, चीक किती तासांनी पाजला आणि गेल्या महिन्यात बाहेरून कोणतं जनावर आणलं, हे लिहा. बर्फाच्या डब्यात त्याच दिवशी रवाना झालं तर उत्तम. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, पाठवण्याआधी तिथे फोन करून सध्या कोणत्या चाचण्या होतात ते विचारून घ्या. आणि आजारी वासराच्या शेजारी बांधलेल्या निरोगी दिसणाऱ्या एखाद्या वासराचा नमुनाही घ्या, तो बहुतेक जण विसरतात.